संगणकाचा कारभारी बदलताना



डहाणूपर्यंत लोकल गाडी आली ती २०१३ साली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, चर्चगेट ते विरार या मार्गावरची वीज बदलण्याचे काम पुरे झाले होते. तोवर त्या मार्गाच्या तारांतून दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहत असे. विरारच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला, मात्र पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह होता. पुढे सबंध मार्गावर हीच दुसरी वीज आली, आणि ज्या गाड्या केवळ जुन्या विजेवर चालत त्यांना तेथे काम उरले नाही. गाडीची चाके धड असोत, बाके शाबूत असोत. वरच्या तारेतली वीज बदलली की गाडीही बदलावी लागते.

आपल्या घरातल्या, दुकानातल्या आणि शाळेच्या कचेरीतल्या संगणकांवर असाच प्रसंग आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज १०’ ही ऑपरेटिंग सिस्टिम जुलै २०१५ मध्ये निघाली. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. तिच्या जागी घ्यायची ती ‘विंडोज ११’. ती ऑक्टोबर २०२१ पासून मिळते आहे. पण ही नवी सिस्टिम प्रत्येक जुन्या यंत्रावर चालत नाही. म्हणून पुष्कळ लोक विचारतात, “यंत्र तर चांगलं चालतंय, मग बदलायचं कशाला?” आणि बदलायचे ठरवलेच, तर हातचे काही जाऊ न देता ते कसे करायचे? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रारंभीच सांगतो, मी संगणकशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. डहाणू-तलासरीकडच्या मुलांना मराठी शिकवणारा मी एक मास्तर आहे. पण या फेरबदलात मला स्वतःला एक ठेच लागली, आणि ठेच लागलेल्या माणसाने मागच्यांना दगड दाखवावा एवढ्याच अधिकाराने मी बोलतो आहे.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते पाहू. जुन्या वाड्यात मालक स्वतः कोठारात जाऊन धान्य मोजत नसे. तो कारभाऱ्याला सांगे, आणि कोठाराची किल्ली, गड्यांची कामे, आल्यागेल्याची नोंद हे सारे कारभारी पाही. संगणकात आपण मालक. पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा असे जे निरनिराळे प्रोग्रॅम असतात ते गडी. आणि कोणत्या गड्याला किती जागा द्यायची, छपाईयंत्राला निरोप केव्हा धाडायचा, कोणती फाईल कोठे ठेवायची, हे ठरवणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तो नसेल तर यंत्र म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

आता, चालता कारभारी बदलायचा कशाला? कारण असे की या कारभाऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या असतात. लाखो ओळींचा प्रोग्रॅम माणसांनी लिहिलेला असतो, आणि त्यात कोठे ना कोठे फट राहून जाते. चोर त्या फटी शोधत असतात. कंपनीला फट कळली की ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. आपण ज्याला ‘अपडेट’ म्हणतो आणि पुष्कळदा वैतागून पुढे ढकलतो, त्यात बहुधा हेच काम चालते. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो. फक्त त्यानंतर सापडणाऱ्या फटी कोणी बुजवत नाही.

हे भय पोकळ नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातल्या फाईलींना कुलूप घालून खंडणी मागे. इंग्लंडमधल्या कित्येक सरकारी इस्पितळांना त्या दिवसांत रोग्यांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ज्या फटीतून तो शिरला तिची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये पाठवली होती. ज्यांनी ती बसवली ते बचावले. पुढल्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम आला, तेव्हा आपल्याच न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलच्या कामाला त्याचा फटका बसला. बंदराला जे होते ते आपल्या घोलवडच्या चिकू-बागायतदाराच्या वहीला, किंवा जातीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या तलासरीच्या एखाद्या केंद्राला होणार नाही असे कोणी समजू नये. त्या एका यंत्रात गावोगावच्या मुलांची आधारकार्डे, बँकेचे क्रमांक आणि सह्या असतात.

ज्यांना लगेच बदल करता येत नाही, त्यांच्यासाठी कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून देण्याची सोय जाहीर केली होती. पण वाढीव मुदत ही वाढीव मुदतच. तेवढ्यात तयारी करावयाची असते.

तर मग तयारी कोणती? पहिले काम म्हणजे आपले यंत्र नव्या कारभाऱ्याला चालेल की नाही ते पाहणे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. हा कागदावरचा हिशेब झाला; रोजच्या कामाला ८ जीबी रॅम असावी, नाही तर यंत्र बैलगाडीसारखे चालते. प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून निघालेला. शिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सोय यंत्रात हवी. ही किल्ल्या ठेवण्याची एक चिमुकली तिजोरी समजा. कधी ती वेगळी चीप असते, कधी प्रोसेसरच्या पोटातच असते. पुष्कळदा ती यंत्रात असूनही बंद ठेवलेली असते आणि दुकानदार “तुमचं यंत्र चालणार नाही” म्हणून मोकळा होतो. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबून त्या चौकटीत ‘टीपीएम डॉट एमएससी’ असे इंग्रजीत लिहिले, की ती आहे की नाही ते दिसते. नसल्याचे दिसले, तरी यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे ‘बायोस’मध्ये, ती सुरू करता येते का हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. नवे यंत्र विकत घेण्याआधी एवढी चौकशी केलीच पाहिजे.

दुसरे काम म्हणजे प्रत काढणे. या एका कामाबद्दल मी कितीही बोललो तरी थोडेच होईल, म्हणून माझी हकीकतच सांगतो.

आमच्या भागातल्या वारली लग्नात धवलेरी असते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ही लग्न लावणारी बाई. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न पुरे करते. ही गाणी पुस्तकातली नव्हेत, तोंडची आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या मुलामुलींना मी सांगितले, “सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या आजीकडून जे ऐकाल ते लिहून आणा.” मुलांनी वह्या भरून आणल्या. गाणी आणली, भाताच्या वाणांची, झाडांची, माशांची नावे आणली. पाच वर्षांत ही रास बरीच मोठी झाली. मी ती रात्री बसून संगणकावर उतरवली. एका मुलीची आजी स्वतः धवलेरी होती. तिच्या एकटीची गाणी चाळीस पाने भरली. पुढे दोन पावसाळ्यांत मूळ वह्यांना वाळवी लागली. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. संगणकात सारे आहे, असे मी म्हणे. मध्यंतरी ती आजीही वारली.

नवी सिस्टिम घालायची वेळ आली तेव्हा मी एका ओळखीच्या कारागिराला बोलावले. त्याने दुपारभरात काम आटपले आणि म्हणाला, “सर, तुमच्या फायली डीमध्ये जशाच्या तशा आहेत. काळजी नको.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रात्री मी गाण्यांची फाईल उघडली. पाने होती, ओळी होत्या, कडव्यांमधली मोकळी जागाही होती. फक्त एकही अक्षर मराठी नव्हते. पानेच्या पाने इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक चिवडा! चाळीस पानांत त्या बाईचा एक शब्द मला वाचता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो.

असे का झाले? हे नीट समजून घेऊ, कारण आपल्या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, लक्षावधी पाने याच स्थितीत आहेत.

पूर्वी संगणकाला देवनागरी येत नसे. त्याला आकडे कळत, आणि प्रत्येक आकड्यामागे एक इंग्रजी अक्षर ठरलेले असे. तेव्हा आपल्या लोकांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा दिसेल असा टंक, म्हणजे फाँट, तयार केला. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ टंकात ‘कमल’ हा शब्द लिहायचा तर डी, ई आणि वाय या कळा दाबतात. पडद्यावर ‘कमल’ दिसते, पण संगणकाच्या पोटात डी, ई, वाय एवढेच असते. टंक हा जणू मुखवटा; मुखवटा काढला की खालचा चेहरा इंग्रजी. बरे, प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एकाच्या टंकात लिहिलेले दुसऱ्याच्या टंकात वाचता येत नसे. माझ्या कारागिराने सी डिस्क कोरी केली, तिच्याबरोबर माझा जुना टंक पुसला गेला. फाईल राहिली, मुखवटा गेला.

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक देण्याची ही पद्धत १९९१ पासून प्रसिद्ध झाली. देवनागरीच्या मूळ विभागात १२८ घरे आहेत, आणि त्यांची मांडणी आपल्याच देशात ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ हा पोटातही ‘क’च असतो. टंक बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. विंडोजमध्ये ही देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. तिच्यातला ‘मंगल’ हा टंक आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला, हे मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावे.

माझ्या गाण्यांचे पुढे काय झाले? फाईलीवर त्या टंकाचे नाव शिल्लक होते. टंकलेखनाचे वर्ग चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या जुन्या यंत्रात तो टंक सापडला. तो बसवताच पानांवर पुन्हा मराठी दिसू लागले. मग जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये पालटणाऱ्या प्रोग्रॅममधून मी सारी पाने काढली. काम फत्ते झाले असे मला वाटले. पण असे पालटणारे प्रोग्रॅम बिनचूक नसतात. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहिलेली असते, रफार मागाहून. त्यांच्या जागा बदलताना घोटाळे होतात. आणि आपल्या मराठीचा खास तो अर्धा ‘ऱ’ तर हमखास बुडतो. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते.

मुलांनी ही नवी पाने त्या आजीच्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवली. एका गाण्यात नवरीकडची माणसे दऱ्या उतरून येतात असे होते, तेथे ती म्हातारी हसायला लागली. म्हणाली, “अरे पोरांनो, दर्यातून कशाला येतील? ती काय मांगेले आहेत? आम्ही डोंगरची माणसं.” डहाणू तालुक्याला पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस दऱ्या आहेत, एका अक्षराने सारे वऱ्हाड समुद्रात गेले होते! तेव्हा माझे सांगणे आहे की पालटलेला मजकूर जाणत्या माणसाने एकदा मोठ्याने वाचलाच पाहिजे. आम्ही तो सबंध वाचला. दोन पानांचा काही भाग मात्र लागला नाही, आणि तो सांगणारी बाई आता नाही. तेवढे गेले ते गेलेच.

यातून मी तीन नियम शिकलो. एक, ज्या वस्तूची एकच प्रत आहे ती आपली नव्हे, नशिबाची आहे. महत्त्वाच्या फाईली निदान दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. ‘डीमध्ये आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. दोन, फाईलींबरोबर जुने टंकही वेगळे काढून ठेवावेत. तीन, प्रत काढली की ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी.

आता प्रत्यक्ष बदलाकडे येऊ. तो दोन रीतींनी करता येतो. माणसे घरात राहत असतानाच छप्पर शाकारावे, तसा जुन्यावर नवा चढवता येतो. त्यात फाईली, टंक, प्रोग्रॅम बहुधा टिकतात. किंवा घर मोकळे करून मुळापासून बांधावे, तशी डिस्क कोरी करून नवी सिस्टिम घालता येते; यात यंत्र स्वच्छ होते, पण जे बाहेर काढले नाही ते जाते. कारागिराला आधी स्पष्ट विचारावे, “कोणत्या रीतीनं करणार?” मी विचारले नव्हते.

आपल्याकडे विजेचा भरवसा पावसाळ्यात कमी, म्हणून लॅपटॉप पूर्ण भारून आणि तारेला जोडूनच कामाला बसावे; टेबलावरच्या यंत्राला बॅटरीचा आधार असल्याशिवाय हात लावू नये. अर्ध्यात वीज गेली तर कारभारी ना जुना, ना नवा, अशी गत होते. इंटरनेटवरून उतरवायचा मजकूर काही जीबींचा असतो. फोनच्या इंटरनेटवर तो प्रत्येक यंत्रावर वेगळा उतरवण्यापेक्षा एकदाच उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यावा. मग शाळेतल्या दहा यंत्रांना तोच चालतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. बाजारात स्वस्तात मिळणारी चोरीची प्रत घेणे म्हणजे कारभारी म्हणून चोरालाच नेमणे होय.

नवी सिस्टिम आल्यावर पहिले चार दिवस किरकोळ अडचणी येतात. त्या ओळखून असाव्यात. यंत्र मंद वाटते, कारण ते मागे फाईलींची नवी यादी करत असते आणि दुरुस्त्या उतरवत असते. एक-दोन दिवस द्यावेत. खालच्या पट्टीवरचे बटण डावीकडून मध्यभागी गेलेले दिसते. सेटिंग्जमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे आणता येते. छपाईयंत्र मुके होते. त्याला यादीतून काढून पुन्हा जोडावे, आणि तरी बोलले नाही तर त्याच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घ्यावा. डिजिटल सहीच्या टोकनचेही तसेच. हिशेबाचे फार जुने प्रोग्रॅम, ज्यांना १६ बिटी म्हणतात, ते विंडोज ११ वर चालतच नाहीत. अशा वह्या बदलाआधी नव्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घ्याव्यात.

मराठी लिहिण्यासाठी सेटिंग्जच्या भाषा विभागात मराठी जोडावी. मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत जाता येते. ज्यांना कळपाट पाठ नाही त्यांना उच्चारावरून लिहिण्याची सोय आहे. ज्यांना रोज लिहायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावा. त्यात शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की आपला ‘ऱ’ येतो. जुन्या युनिकोड पत्रांचे वळण निराळे दिसले तर घाबरू नये. ‘मंगल’ टंक आता मूळ सिस्टिमबरोबर असतोच असे नाही, नसल्यास जादा सोयींच्या यादीतून तो मागवता येतो. अक्षरे मात्र सुरक्षित असतात.

आणखी दोन गोष्टी. पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागते. त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावी. यंत्राने ती मागितली आणि आपल्यापाशी नसली, तर आपलेच घर आपल्याला बंद होते. आणि जुन्यावर नवी चढवून मन मानले नाही तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरी विभागातून मागे फिरता येते. तेवढ्या दिवसांत सर्व कामे करून पाहावीत.

आणि ज्यांचे यंत्र नव्या कसोटीत बसलेच नाही त्यांनी काय करावे? मोडीत काढण्याची घाई करू नये. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही विनामूल्य सिस्टिम जुन्या यंत्रांवरही चालते. उबुंटू हे तिचे एक रूप. आपल्या देशात सी-डॅक संस्थेने काढलेले ‘बॉस’ हे दुसरे. तिच्यावर युनिकोड मराठी उत्तम चालते, पत्रे लिहिता येतात, अर्ज भरता येतात. सवय व्हायला महिनाभर लागतो, आणि काही सरकारी कामांचे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत, हे मात्र आधी पाहून घ्यावे. मुलांना शिकायला असे यंत्र पुष्कळ झाले.

कारभारी येतात आणि जातात. विंडोज एक्सपी गेली २०१४ साली, सात गेली २०२० साली, दहा गेली २०२५ साली. अकराही एक दिवस जाईल. कोठारातले धान्य मात्र आपले आहे, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणत्याही कारभाऱ्यावर टाकता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या गाण्यांच्या आता तीन प्रती आहेत. त्यांतली एक कागदावर छापून त्या धाकट्या आजीच्या घरी, वाळवी लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. तिला वाचता येत नाही; पण घरात वाचणारी नात आहे.